जुनं घर, खोलीखोलीनं : भाग ४ – माजघर आणि ओली भिंत

माजघराला हात घालायचा तो दिवाळीनंतर. मागच्या भागात आपण कौलं उतरवली, कुजलेले वासे आणि रिपा बदलल्या, आढं सरळ केलं. वरून येणारं पाणी थांबलं. आता सोप्यातून उंबरा ओलांडून आत येऊ. कोल्हापूर भागातल्या शेतकरी घरात माजघर ही सगळ्यात अंधारी आणि सगळ्यात जाड भिंतींची खोली. देव्हारा, धान्याच्या कणग्या, ट्रंका, बाळंतिणीची बाज, सगळं इथंच. बाहेर चैत्राचं ऊन रखरखत असलं तरी इथं दुपारची झोप गाढ लागायची. आज बहुतेक जुन्या घरांत कुबट वास येतो तोही याच खोलीत. कमरेएवढ्या उंचीपर्यंत रंगाचे पोपडे सुटलेले, त्यावर पांढरा लोणा फुटलेला, आणि कपाट हलवलं की मागं काळी बुरशी.

अशी भिंत बघितली की ‘पाडा आणि विटांची घ्या’ हा सल्ला लगेच मिळतो. माझं मत याच्या उलट आहे. दोन फुटी मातीची भिंत सहसा खराब झालेली नसते, ओली झालेली असते. आधी पाणी कुठून येतंय ते शोधायचं, मग ते बाहेर पडायला वाट करून द्यायची, आणि भिंत वाळल्यावरच दुरुस्तीचं बघायचं. हा क्रम मोडला तर कितीही पैसा ओता, दोन पावसाळ्यांत पोपडे परत येतात.

आपल्याकडच्या भिंती पांढरीच्या मातीच्या, म्हणजे गावठाणातल्या राखाडी मातीच्या. शेतातली काळी माती कुणी भिंतीला घेत नसे, कारण ती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. खाली दगडी जोतं, त्यावर मातीचे भेंडे किंवा चिखलात बसवलेले दगड, वर मातीचाच गिलावा. जमिनीतली ओल जोत्यातून थोडीफार वर चढायचीच. पण मातीचा गिलावा तिला अडवत नाही. ती भिंतीच्या अंगावर येते आणि वाऱ्यानं उडून जाते. श्रावणात भिंत किंचित गार लागायची, मार्गशीर्षात खडखडीत कोरडी. अशी कोरडी भिंत माळ्यावरच्या धान्याचं ओझंसुद्धा सहज पेलते. तीच माती भिजली की तिची ताकद झपाट्यानं घटते, म्हणून ओल हा या घरांच्या जिवाशी खेळ आहे.

बिघाड सुरू झाला सिमेंटपासून. दरसालचा पोतारा, सणाआधीचं सारवण हे सगळं घरातल्या बायकांच्या कमरेवर होतं. त्या कष्टातून सुटका म्हणून सिमेंटचं प्लास्टर आलं, आणि ते करणाऱ्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. पण माती आणि सिमेंटचं जमत नाही. माती ऋतूप्रमाणं थोडी फुगते, थोडी आक्रसते. सिमेंट ताठ राहतं. दोघांमध्ये पोकळी धरते, प्लास्टरला केसासारख्या बारीक चिरा पडतात. पावसाचं पाणी त्या चिरांतून आत शिरतं, आणि बाहेर यायला त्याला वाट उरत नाही. ओल्या अंगावर रेनकोट चढवून वर्षभर हिंडावं तशी भिंतीची गत होते. त्यावर कमरेपर्यंत निळ्या ऑइल पेंटचा पट्टा मारला की ओल पट्ट्याच्याही वर चढते, कारण सुकायला तिला तेवढीच जागा उरलेली असते. पट्टा वाढवत नेला तर ओलही वर सरकत जाते.

हे फक्त आपल्याकडचं नाही. इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात माती आणि पेंढा तुडवून उभारलेल्या भिंतींची हजारो घरं आहेत, त्यातली काही कित्येक शतकांची. तिकडं पाऊस बारमाही. विसाव्या शतकात त्या घरांवरही सिमेंट चढलं, आणि वरून धडधाकट दिसणाऱ्या भिंती आतून भिजून एकाएकी कोसळल्याचे प्रसंग घडले. आता तिथले जाणकार कारागीर सिमेंट उतरवून माती आणि चुनाच लावतात.

दुसरं कारण घराच्या बाहेर, गल्लीत आहे. रस्ता झाला, मग त्यावर खडीचा थर, मग काँक्रीट, मग पेव्हर ब्लॉक. दर खेपेला रस्ता चार-सहा इंच वर आला आणि जोतं तेवढंच बुडालं. जे जोतं कधीकाळी दोन पायऱ्या चढून जायचं होतं ते आज रस्त्याच्या पातळीला आलंय, आणि पागोळ्यांचं पाणी थेट मातीच्या भिंतीवर उडतंय. गवंड्याला बोलवायच्या आधी पावसाळ्यात छत्री घेऊन घराभोवती एक चक्कर मारा. पाणी कुठं साचतं, पन्हळ कुठं फुटलीय, शेजारच्या न्हाणीचं सांडपाणी कुठून जातं, हे त्या एका फेरीत कळतं. रस्ता खाली आणणं आपल्या हातात नाही. भिंतीलगतचा काँक्रीटचा पट्टा फोडून तिथं हात-दीड हात रुंदीचा चर खणणं मात्र आहे. चर पायाच्या तळापेक्षा खोल न्यायचा नाही, तो खडीनं भरायचा आणि उतार घरापासून लांब द्यायचा. एवढ्यानंच अनेक भिंती निम्म्या वाळतात.

आता प्लास्टर उतरवण्याचं काम. त्याआधी छपराचं ओझं कुणाच्या डोक्यावर आहे ते बघा. काही घरांत ते खांब-तुळयांवर असतं आणि भिंत नुसती आडोशाची असते. काही ठिकाणी तुळईचं टोक थेट भिंतीत गेलेलं असतं. तिथं दोन्ही बाजूंनी टेकू दिल्याशिवाय छिन्नीला हात लावू नये. भिंतीत गेलेल्या या टोकाला दाभण टोचून बघा. सहज आत गेलं तर लाकूड कुजलंय, आणि सुताराचं काम आधी येतं. ब्रेकर मशीन अजिबात नको, तिच्या हादऱ्यानं चांगले भेंडेही सुटतात. हातछिन्नीनं, बाहेरच्या अंगानं सुरुवात करून, एका वेळी तीन-चार फुटांचा पट्टा मोकळा करत जायचं.

आमच्या भोगावतीकाठच्या घरात माजघराची उत्तरेकडची भिंत अशी उघडली तेव्हा प्लास्टर तोडावं लागलंच नाही. छिन्नीचं टोक चिरेत घालून उचकटलं की परातीएवढे तुकडे सुटून येत होते. गुडघ्यापर्यंतच्या पट्ट्यात माती इतकी भिजलेली की बोट दाबलं तर पेरभर आत जात होतं. त्याच्यावर, छातीच्या उंचीला, जुना मातीचा गिलावा जसाच्या तसा होता. त्यातला भाताचा पेंढा अजून पिवळा, आणि हातानं ओढलेल्या पोताऱ्याचे बोटांचे वळसे स्पष्ट दिसत होते. आत्तीनं त्यावर हात फिरवला. म्हणाली, “मी परकर नेसत होतो तवा दरसाल दसऱ्याआधी ह्याला पोतारा असायचा. ओल कशी असती ते ठावंच न्हवतं.”

उघडी झालेली भिंत तशीच ठेवायची. होळीपर्यंत. घाई करणाऱ्या कारागिराला इथं नम्रपणे थांबवावं लागतं. शेगडी किंवा हीटर लावून वाळवायची नाही, कारण वरचा पापुद्रा सुकून तडकतो आणि आतला गाभा ओलाच राहतो. दारं-खिडक्या उघड्या, फार तर एक पंखा. वाळताना लोणा पुन्हा फुटतो. तो कोरड्या ब्रशनं झाडून, गोळा करून घराबाहेर टाकायचा. पाण्यानं धुतलात तर क्षार विरघळून परत आत जातात. खाली पडलेली चांगली माती मात्र जपून ठेवा. चाळली की गिलाव्याला तीच उत्तम. गुडघ्याखालच्या पट्ट्यातली क्षारांची माती तेवढी टाकून द्या.

खालचा गळालेला भाग भरताना टणक माती लागेपर्यंत खरवडायचं आणि त्याच मातीचे भेंडे आणि चपटे दगड चिखलात बसवायचे. एका वेळी दोन फूट, पुढचे दोन फूट सोडून मग परत दोन फूट. सगळा पाया एकदम मोकळा केला तर भिंत खाली बसते.

गिलाव्याची माती पारखायला प्रयोगशाळा लागत नाही. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर मीठ. खळखळून हलवायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवायची. तळाला वाळू, मध्ये गाळ, वर चिकणमातीचा थर बसतो. चिकणमाती पाचव्या हिश्श्याच्या आसपास असेल तर माती चांगली. जास्त असेल तर गिलावा तडकतो, वाळू घालावी लागते. मग त्यात बारीक कापलेला पेंढा किंवा गव्हाचं काड आणि शेण घालून चिखल तुडवायचा आणि आठवडाभर मुरू द्यायचा. फूटभर चौकोनाचे दोन-तीन नमुने भिंतीवर लावून बघा. जो आठ दिवसांनी न तडकता राहिला आणि बोटानं घासून भुकटी सुटली नाही, तो तुमच्या भिंतीचा.

चुना यानंतर. आत मातीच्या गिलाव्यावर चुन्याचे तीन-चार पातळ हात पुरतात. बाहेर, पाऊस जिथं झोडपतो तिथं, एक भाग चुना आणि तीन भाग वाळूचा पातळ गिलावा दोन थरांत. चुना ओल अडवून ठेवत नाही आणि तरीही टिकतो, कारण लावल्यावर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा चुनखडीच बनतो. या कामाला आठवडे लागतात. तेवढे दिवस गिलाव्यावर पाण्याचा हलका शिडकावा आणि गोणपाटाची सावली हवी. पन्हाळ्यावर अंबरखान्याची गंगा, यमुना, सरस्वती ही धान्याची कोठारं दगड-चुन्यात बांधलेली आहेत; त्या धुक्यात आणि पावसात ती शतकानुशतकं उभी आहेत. जुने गवंडी चुन्यात गुळाचं आणि हिरड्याचं पाणी घालत. साखरेमुळं चुना पाण्यात जास्त विरघळतो आणि थापीखाली मऊ चालतो. गूळ अगदी थोडा घालायचा, नाहीतर गिलावा लवकर धरत नाही आणि मुंग्या लागतात.

कळीचा चुना विझवताना पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. तो उकळून उडतो. डोळ्यांना चष्मा, हाताला हातमोजे, आणि मुलांना त्या दिवशी लांब ठेवा. विझवलेला चुना पाण्याखाली किमान पंधरा दिवस मुरला पाहिजे. महिना-दोन महिने मुरला तर फारच छान.

भुईचं थोडक्यात. माजघरात गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशी घातली आणि पुढच्याच वर्षी भिंतीला ओल आली, अशी तक्रार पुष्कळ वाचक करतात. यात गूढ काही नाही. जी ओल आधी सगळ्या भुईतून उडून जायची, तिला आता भिंतीकडं सरकण्यावाचून मार्ग राहिला नाही. भुई चोपून सारवायला माणूस असेल तर मातीचीच ठेवा. नसेल तर खाली खडीचा थर, वर शहाबादी फरशी चुन्यात, आणि भिंतीलगत चार बोटांची पट्टी मोकळी, खडीनं भरलेली. त्याआधी पहारीनं भुई ठोकून पोकळ आवाज कुठं येतो ते बघा. माजघराखाली जुनं धान्याचं पेव निघू शकतं, आणि ते भरून घेतल्याशिवाय त्यावर ओझं देणं धोक्याचं.

हे सगळं कोरड्या जागेवरच्या घरासाठी. पुराच्या पट्ट्यातल्या वाचकांना वेगळं सांगणं माझं कर्तव्य आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. प्रयाग चिखली, आंबेवाडी, शिरोळकडची गावं दिवसेंदिवस पाण्यात होती. मातीची भिंत अशी बुडण्यासाठी नसते. आणि बऱ्याचदा ती पाणी चढताना पडत नाही, उतरताना पडते: बाहेरच्या पाण्याचा आधार जातो आणि आत भिंतीचा चिखल झालेला असतो. म्हणून पूर ओसरल्यावर लगेच घरात शिरू नका, आधी बाहेरून टेकू द्या. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की ज्यांचं काळीज हलतं, त्यांनी माजघराची भिंत पूररेषेपर्यंत दगड किंवा भाजक्या विटांत, चुन्यातच, नव्यानं घ्यावी आणि माती त्याच्या वर ठेवावी. ती भिंत पाडण्याचा खर्च मला योग्य वाटतो.

गगनबावड्याकडं पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या घरात जातो, शिरोळला त्याचा दहावा हिस्साही मुश्किलीनं. त्यामुळं एकच माप सगळीकडं चालणार नाही. घाटाकडच्या घरांना वळचण दोन-अडीच फूट बाहेर हवीच. पूर्वेकडं दीड फूटही भागतं.

विजेच्या तारा भिंत खोदून आत घालू नका, लाकडी पट्टीवरून उघड्या न्या. देवळ्या आणि कोनाडे बुजवू नका. दिव्याचे बोर्ड तिथं छान बसतात. उजेडासाठी नवी खिडकी फोडण्याऐवजी पाख्यात दोन काचेची कौलं घाला.

पुढच्या भागात सैपाकघर: चूल बंद होऊन गॅस आला आणि वरच्या लाकडाला कीड का लागू लागली, धुराडं ठेवावं की बुजवावं, आणि मोरीचं पाणी माजघराच्या भिंतीपासून लांब कसं न्यावं.