बार्शी लाइट : आधी पायपीट, मग क्लिक!

पडके बंगले, बंद स्टेशनं, गंजलेलं लोखंड... ‘अर्बन एक्सप्लोरेशन’ फोटोग्राफी म्हणजे एकदम हटके छंद. पण त्यासाठी डेट्रॉइट कशाला? आपली बार्शी आहे ना!

१८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने इथे बार्शी लाइट रेल्वे आणली. दोन रुळांमधलं अंतर फक्त ७६२ मिलिमीटर! ही छोटी गाडी पुढे पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत पोचली. २००८ मध्ये कुर्डुवाडी-उस्मानाबाद (आताचं धाराशिव) मार्ग ब्रॉडगेज झाला आणि बार्शीची छोटी गाडी इतिहासजमा झाली.

आता खरी गंमत. गंजाचा क्लोजअप कुठेही मिळतो, त्यात बार्शी दिसत नाही. म्हणून आधी गावातली जुनी माणसं गाठा, लाइन कुठून जायची ते विचारा, ती वाट पायी फिरा. एखादी मोरी, एखादा भराव सापडला, की मग सकाळच्या तिरप्या उन्हासाठी थांबा. फ्रेममध्ये सायकल किंवा माणूस घ्या, म्हणजे आकाराचा अंदाज येतो.

पथ्यं दोनच. रेल्वेच्या हद्दीत विनापरवानगी शिरायचं नाही, तो गुन्हा आहे. आणि ‘सीन’ जमावा म्हणून काही हलवायचं नाही.

हो, फोटोखाली जागा आणि तारीख नक्की लिहा. उद्या तो भराव सपाट झाला, तर तुमचा फोटोच उरेल!