भगताची विद्या आणि आपण

बोरी अरबसारख्या कापसाच्या मुलखातील गावात 'शामान' या परक्या शब्दावर बोलायचे, हे पुष्कळांना विचित्र वाटेल. येथे चिंता असते ती कापसाच्या भावाची आणि मजुरीच्या दराची. परंतु मोठ्या शहरांतून अलीकडे 'शामानी साधने'ची शिबिरे भरतात. सुशिक्षित माणसे फी भरून तेथे जातात, ढोलाच्या ठेक्यावर डोळे मिटून पडून राहतात, आणि ही आदिवासींची प्राचीन विद्या आहे असे त्यांना सांगण्यात येते. आदिवासींचे नाव निघाले की विषय आपल्या दाराशी येतो. कारण कोलामांचे पोड आणि गोंडांच्या वस्त्या आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात आहेत. ही विद्या काय आहे, बाहेरच्या माणसाने ती घ्यावी काय, आणि घ्यायची तर कोणत्या अटींवर, हे येथे आम्ही आमच्या कुवतीप्रमाणे मांडणार आहोत. आम्ही पंडित नव्हे. आमचे आयुष्य कामगार संघटनेत गेले, आणि वाचन झाले ते रात्रीच्या दिव्यापाशी.

'शामान' हा शब्द मूळचा सैबेरियातील एवेंकी लोकांचा. सतराव्या शतकाच्या अखेरीस प्रवाशांच्या वृत्तांतांतून तो युरोपात पोचला. ढोल, गाणे, उपवास यांच्या योगाने ज्याचे भान नेहमीच्या पातळीवरून सुटते, आणि त्या अवस्थेत जो देवांशी वा पूर्वजांशी बोलून गावाच्या आजारावर, अडचणीवर उत्तर आणतो, तो शामान. आपल्याकडे याच्या जवळपासचे काम भगत करतो; मेळघाटात कोरकूंचा भुमका करतो. मात्र सर्वांना एकाच मापाने मोजू नये. गोंडांचा देवारी हा पुष्कळदा केवळ गावदेवाचा पुजारी असतो. त्याच्या अंगात काही येत नाही.

शहरांतून आज जे शिकविले जाते त्याचा एक मोठा उगम मायकेल हार्नर या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाकडे आहे. दक्षिण अमेरिकेतील शुआर आणि कोनिबो लोकांत राहून त्यांनी अभ्यास केला आणि १९८० साली 'द वे ऑफ द शामान' हे पुस्तक लिहिले. त्यांची रीत अशी, की निरनिराळ्या जमातींच्या विधींतून त्यांचे देव, त्यांची भाषा, त्यांची गाणी बाजूला काढायची आणि सर्वांना समान असा गाभा तेवढा ठेवायचा. म्हणजे मुख्यतः ढोलाचा जलद, एकसुरी ठेका आणि त्यावर केलेला मनाचा प्रवास. लयीचा मनावर परिणाम होतो यात शंका नाही. रात्रभर भजनात बसलेल्या माणसाला ते पुस्तकातून शिकावे लागत नाही. तेव्हा शिबिरातून परतलेला माणूस 'मला शांत वाटले' म्हणाला, तर आम्ही त्याला खोटे म्हणणार नाही.

पण जिनिंगचा भोंगा वाजविता आला म्हणजे जिनिंग चालविता आले असे होत नाही. भगताची विद्या ही एका माणसाची कला नसून गावाने नेमून दिलेले काम आहे. ऑस्ट्रियन अभ्यासक फ्यूरर-हैमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात पैनगंगेपलीकडील आदिलाबाद भागात पाहिले, की गोंड लोक कोलामांना 'पुजारी' म्हणत आणि तेथील स्थानिक देवांच्या पूजेसाठी त्यांना बोलावीत. त्या डोंगरांचे जुने रहिवासी कोलाम, म्हणून त्या देवांशी बोलण्याचा मान त्यांचा. येथे विद्या जमिनीशी बांधलेली आहे. शिवाय भगत गावाला जबाबदार असतो. त्याचे चुकले तर त्याला त्याच गावात राहून तोंड द्यावे लागते. शिबिर घेणारा सोमवारी दुसऱ्या शहरात गेलेला असतो.

जबाबदारी सुटली म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण मेक्सिकोतील आहे. ओआखाका प्रांतातील वाउत्ला या गावी मारिया साबिना ही माझातेक जमातीची वैदीण होती. पवित्र मानलेल्या अळंब्यांच्या साहाय्याने ती आजाऱ्यांसाठी रात्रभर विधी करी. १९५५ साली गॉर्डन वॉसन हा अमेरिकन बँकर तिच्या विधीत बसला आणि १९५७ साली त्याने 'लाइफ' साप्ताहिकात त्यावर लेख लिहिला. लेखात तिचे नाव बदलले होते, तरी लोकांनी गाव हुडकून काढले. पुढे परदेशी तरुणांचे लोंढे आले, पाठोपाठ पोलीस आले. गावाने दोष दिला तो साबिनाला. तिचे घर जाळण्यात आले. १९८५ साली ती गरिबीतच वारली. वॉसनने चोरी केली असे कोणी म्हणणार नाही. त्याला दारातून आत घेतले होते. पण आत घेतलेल्या पाहुण्याने बाहेर काय सांगावे, हा प्रश्न उरतोच.

अमेरिकेतील लाकोटा लोकांनी १९९३ साली आपल्या धर्मविधींचा बाजार मांडणाऱ्यांविरुद्ध जाहीर युद्ध पुकारले. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. १८८३ पासून त्यांच्या विधींवर सरकारी नियमांनी बंदी होती, आणि धर्मस्वातंत्र्याचा खास कायदा होण्यास १९७८ साल उजाडावे लागले. ज्या विधीबद्दल आजोबांना शिक्षा झाली, तोच विधी परका माणूस तिकीट लावून करू लागला. २००९ साली अॅरिझोनात एका प्रसिद्ध वक्त्याने घेतलेल्या अशाच घाम-झोपडीच्या कार्यक्रमात तीन माणसे दगावली.

आता आपल्याकडे पाहू. काही वर्षांपूर्वी एका जिनिंगमधील कोलाम मजुराने पोडावरच्या देवकार्यासाठी चार दिवसांची सुटी मागितली. हंगामाचे दिवस होते. सुटी नाकारली गेली. तो तरीही गेला आणि परतला तेव्हा त्याची जागा दुसऱ्याला दिलेली होती. त्याला कामावर परत घ्यायला आम्हांला तीन बैठका लागल्या. ज्या खोलीत त्या झाल्या, तिथल्या भिंतीवर वारली चित्र टांगलेले होते. परंपरेचा आदर हा पुष्कळदा असा भिंतीवरचा असतो. गोदावरी परुळेकरांनी १९४५ पासून वारल्यांत काम केले ते वेठबिगार मोडण्यासाठी. त्यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक याच दृष्टीने आम्हांला मोलाचे वाटते.

मात्र आदर म्हणजे मौनही नव्हे. मेळघाटात आजारी बालकाच्या पोटावर तापल्या लोखंडाचा डंबा देण्याची रीत आहे. तिचे समर्थन होऊ शकत नाही. शेतात साप चावलेल्या मजुराला मंत्राच्या भरवशावर ठेवले तर तो प्राणास मुकू शकतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. साप, विंचू, कुत्रा चावल्यास वैद्यकीय उपचारापासून अडविणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. हा नियम भगताला लागू आहे तसाच शहरातील शिबिरवाल्यालाही.

मग आपला स्वतःचा वारसा कोणता? वऱ्हाडच्या माणसाला लयीसाठी सैबेरियाला जाण्याची गरज नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी आणि सामुदायिक प्रार्थना आपल्या घरची आहे. पण वारसा घेताना मालमत्तेबरोबर कर्जही येते. पोतराजाचा आसूड, अंगात आलेल्या बाईचे हाल, देवापुढे कापलेला बकरा, हेही आपल्याच घरचे. आणि त्याविरुद्ध हातात झाडू घेऊन उभे राहिलेले गाडगे महाराजही (१८७६–१९५६) आपलेच. ज्याने स्वतःच्या घरचा हिशेब असा तपासला, तोच दुसऱ्याच्या घरात अदबीने बसू शकतो.

या सर्वांवरून आम्हांला चार अटी दिसतात. पहिली, बोलावल्याशिवाय जाऊ नये. माघ पौर्णिमेची कचारगडची जत्रा मोठी आहे, तेथे पाहुण्यासारखे जावे. कुळाच्या देवाची पूजा त्या कुळाची आहे. दुसरी, जे शिकलो ते कोणाकडून हे सांगावे आणि स्वतःस भगत म्हणवून घेऊ नये. तिसरी, त्या विद्येवर पैसा मिळत असेल तर वाटा कोणाचा ते आधी गावाबरोबर ठरवावे. २००६ च्या वनहक्क कायद्यात जैवविविधतेशी आणि सांस्कृतिक विविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समूहाचा हक्क मान्य केलेला आहे. ही भीक नव्हे. चौथी, रोग डॉक्टरांकडे न्यावा.

ज्या देवाचे ठाणे जंगलात आहे, त्याचे जंगल गेले तर ढोल कोणासाठी वाजणार? म्हणून पोडावर ढोल ऐकायला जाणाऱ्याने तेथे पिण्याचे पाणी पोचते काय, वनहक्काचा दावा कोठे अडला आहे, आणि देवकार्याच्या दिवशी मजुराला सुटी मिळते काय, एवढे तरी विचारावे. उत्तर ऐकून काही करता आले तर करावे, आणि मग ढोलापाशी बसावे.