पारनेरची जागा रिकामी होती तेव्हा

२७ जून २०२४ रोजी मुंबईत राज्य विधिमंडळाचे पावसाळी अधिवेशन सुरू झाले. दुसऱ्या दिवशी अजित पवार यांनी अर्थसंकल्प मांडला. लोकसभा निवडणुकीमुळे फेब्रुवारीत अंतरिम अर्थसंकल्पावर भागवले होते, त्यामुळे वर्षाचा खरा जमाखर्च याच अधिवेशनात ठरायचा होता. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेची घोषणाही याच अर्थसंकल्पातली. १२ जुलैपर्यंत अधिवेशन चालले. खात्यांच्या मागण्या मंजूर झाल्या, विधेयके संमत झाली, सभागृह संस्थगित झाले. या साऱ्या काळात विधानसभेत पारनेर मतदारसंघाला आमदार नव्हता.

कारण साधे होते. २०१९ मध्ये पारनेरमधून निवडून आलेले नीलेश लंके यांनी लोकसभा लढवण्यासाठी आमदारकी सोडली आणि ४ जून २०२४ च्या निकालात ते अहमदनगरचे खासदार झाले. रिकामी जागा सहा महिन्यांत भरावी, असे लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १५१-अ सांगते. मात्र उरलेली मुदत वर्षापेक्षा कमी असेल तर पोटनिवडणुकीचे बंधन नाही. विधानसभेची मुदत २६ नोव्हेंबरला संपणार होती. म्हणून पारनेर तालुका आणि मतदारसंघाला जोडलेला नगर तालुक्याचा भाग नोव्हेंबरच्या निवडणुकीत काशिनाथ दाते निवडून येईपर्यंत विनाप्रतिनिधी राहिला. कायद्याला धरूनच सगळे झाले. तालुक्यात चर्चा मात्र दिल्लीला कोण गेले आणि आता तिकीट कोणाला, याचीच होती. मुंबईत आपल्या नावाची जागा रिकामी आहे आणि वर्षाचा अर्थसंकल्प तिच्याविना मंजूर होतो आहे, याची खंत फारशी कुठे दिसली नाही. मला ती वाटते. का वाटते, हे सांगायचे तर विधानसभेचा एक दिवस कसा जातो ते सांगावे लागेल.

टीव्हीवर दिसते ती विधानसभा बहुतेक वेळा पायऱ्यांवरची असते: फलक, घोषणा, माइकपुढची गर्दी. आतला दिवस प्रश्नोत्तराच्या तासाने सुरू होतो. तारांकित प्रश्नाला मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे आणि त्यावर उपप्रश्न घ्यायचे. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी येते. प्रश्नांची भाषा वर्षानुवर्षे ठरलेली आहे. अमुक घडले ‘हे खरे आहे काय’, ‘असल्यास’ शासनाने चौकशी केली आहे काय, ‘नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत’. उत्तरांचीही भाषा ठरलेली: ‘हे खरे आहे’, ‘अंशतः खरे आहे’, ‘प्रश्न उद्भवत नाही’. वाचायला कोरडे वाटते, पण या तीन ओळींमागे सरकारी यंत्रणा हलते. मंत्रालयातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तहसीलला आणि कार्यकारी अभियंत्याला विचारणा जाते. सरकारी कार्यालयात ‘एलएक्यू’, म्हणजे विधानसभेचा प्रश्न, ‘आला आहे’ म्हटले की एरवी महिनोन्‌महिने बांधून ठेवलेले दप्तर उघडते. मंत्र्याने सभागृहात दिलेले उत्तर छापले जाते आणि ते चुकीचे निघाले तर हक्कभंगापर्यंत जाता येते. अर्ज, निवेदन, रास्ता रोको यांपैकी कशातही हे बळ नाही.

पारनेरपुरते बोलायचे तर पाण्याचे उदाहरण पुरेसे आहे. तालुका पर्जन्यछायेत. मांडओहळसारखे छोटे धरण सोडले तर मोठा आधार कुकडी प्रकल्पाचा. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे ही पाचही धरणे शेजारच्या पुणे जिल्ह्यात आहेत. डाव्या कालव्याचे पाणी जुन्नरमधून पारनेरच्या दक्षिण भागात येते आणि पुढे श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्याकडे जाते. कालव्याच्या शेपटाला असलेला शेतकरी म्हणतो वरचे उपसून घेतात. वरचा म्हणतो पाणी डोळ्यांदेखत पुढे जाते आणि आमच्या चाऱ्या कोरड्या. कान्हूर पठार, टाकळी ढोकेश्वरच्या बाजूला तर कालव्याचा प्रश्नच वेगळा, कारण पठारावर पाणी चढवावे लागते. आवर्तन कधी आणि किती दिवसांचे, हे कालवा सल्लागार समितीत ठरते आणि तिथे आमदार बसतो. चारीच्या दुरुस्तीला पैसा मिळणार की नाही, हे जलसंपदा खात्याच्या मागण्यांत ठरते. त्या मागण्यांवर कपात सूचना द्यायची, चर्चेत बोलायचे, नाही जमले तर लक्षवेधी टाकायची, हे आमदाराचे काम. एका आवर्तनाचा वाद पाच तालुक्यांचा असतो, आणि बाकीच्या चार तालुक्यांचे आमदार सभागृहात असताना पाचवा नसेल तर त्याची बाजू कोण मांडणार?

लक्षवेधीबद्दल थोडे. तातडीच्या सार्वजनिक महत्त्वाच्या बाबीकडे मंत्र्याचे लक्ष वेधायचे, मंत्र्याने निवेदन करायचे, सदस्याने त्यावर प्रश्न विचारायचे, असे हे आयुध. दिवसाला मोजक्याच घ्यायच्या असा संकेत. अलीकडे त्यांची संख्या इतकी वाढली की त्यांच्यासाठी सकाळी वेगळ्या बैठका घ्याव्या लागतात. मतदारसंघातले काम सभागृहात बोलले की छापून येते, म्हणून सगळ्यांचा ओढा तिकडे. त्याच वेळी विधेयकावर बोलायला उठणारे सदस्य कमी होत चालले आहेत. माझ्या मते विधिमंडळाचे सगळ्यात मोठे दुखणे हेच आहे, आणि त्याचा फटका पारनेरला एका वेगळ्याच बाजूने बसला. त्याकडे येतोच.

त्याआधी पारनेरच्या एका मानाच्या खुर्चीविषयी. विजय औटी पारनेरमधून शिवसेनेचे तीन वेळा आमदार होते. ३० नोव्हेंबर २०१८ रोजी ते विधानसभेचे उपाध्यक्ष झाले, तेही बिनविरोध. आदल्याच दिवशी मराठा आरक्षणाचे विधेयक दोन्ही सभागृहांत संमत झाले होते, त्यामुळे त्या गडबडीत ही निवड झाकोळली. पण तिच्यातली खरी बातमी निवडीची नव्हतीच. २०१४ मध्ये विधानसभा अस्तित्वात आल्यापासून चार वर्षे हे पद रिकामे होते. विधानसभेने ‘शक्य तितक्या लवकर’ अध्यक्ष आणि उपाध्यक्ष निवडावेत, असे राज्यघटनेचे कलम १७८ सांगते. चार वर्षे म्हणजे लवकर नव्हे. औटींना जेमतेम एक वर्ष मिळाले. २०१९ च्या निवडणुकीत लंके यांनी त्यांचा पराभव केला.

उपाध्यक्ष नसला तर काय बिघडते, असे वाटू शकते. अध्यक्ष उठले की तालिका अध्यक्षांपैकी कोणीतरी येऊन बसतो, कामकाज थांबत नाही. पण अध्यक्षाचे पद रिकामे झाले की त्याची कर्तव्ये घटनेने उपाध्यक्षाकडे दिली आहेत आणि अध्यक्षाला राजीनामाही उपाध्यक्षाकडेच द्यायचा असतो. याची किंमत लवकरच कळली. ४ फेब्रुवारी २०२१ रोजी नाना पटोले यांनी अध्यक्षपद सोडले. ३ जुलै २०२२ रोजी राहुल नार्वेकर निवडून येईपर्यंत सुमारे सतरा महिने राज्याच्या विधानसभेला अध्यक्ष नव्हता. तो भार औटींच्या नंतर उपाध्यक्ष झालेले दिंडोरीचे नरहरी झिरवाळ यांनी वाहिला. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली तेव्हा सोळा आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा त्यांच्याच सहीने गेल्या आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे गेले. ज्या पदाला चार वर्षे कोणी विचारले नाही, त्यावर सरकारचे भवितव्य टांगले गेले. २०२४ च्या निवडणुकीनंतरचे पहिले वर्षही विधानसभेने विरोधी पक्षनेत्याविना काढले. खुर्च्या रिकाम्या ठेवून कामकाज चालवायची सवय आपल्याला लागली आहे आणि ती मला धोक्याची वाटते.

आता पारनेरच्या दुसऱ्या ओळखीकडे, राळेगणसिद्धीकडे. या गावाने पाणलोटाचे काम देशाला दाखवले हे सगळे जाणतात. महाराष्ट्राच्या कायद्यांच्या पुस्तकातही या गावाचा हात आहे. माहितीच्या अधिकाराचा राज्याचा पहिला कायदा २००० सालचा. अपवादांनी इतका भरलेला की मागणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नसे. तो रद्द होऊन नवा कायदा आला, पण राष्ट्रपतींच्या मंजुरीसाठी अडकला. राळेगणचे अण्णा हजारे ९ ऑगस्ट २००३ रोजी मुंबईत आझाद मैदानावर उपोषणाला बसले आणि दुसऱ्या दिवशी मंजुरी आली. केंद्राचा कायदा त्यानंतर दोन वर्षांनी झाला. बदल्यांचे विनियमन आणि दप्तर दिरंगाईला प्रतिबंध करणारा २००५ चा कायदा याच आंदोलनाच्या रेट्यातला. कोणत्याही कर्मचाऱ्याने सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त काळ फाइल अडवून ठेवू नये, असे तो म्हणतो. तहसील कचेरीत खेटे घालणाऱ्या किती माणसांना हे ठाऊक आहे?

तिसरा कायदा लोकायुक्ताचा. लोकायुक्त नेमणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य; मूळ कायदा १९७१ चा. पण त्या लोकायुक्ताने फक्त शिफारस करायची, मानायची की नाही ते सरकारने ठरवायचे. हे बदलावे म्हणून हजारे ३० जानेवारी २०१९ रोजी राळेगणमध्ये उपोषणाला बसले. ५ फेब्रुवारीला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस गावात आले, बोलणी झाली, उपोषण सुटले. सरकार आणि आंदोलन यांची संयुक्त समिती मसुद्याला बसली. सरकारे बदलली. अखेर २०२२ च्या डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात विधेयक आले. मुख्यमंत्रीही त्याच्या कक्षेत होता.

विधेयकाचा सभागृहातला प्रवास मांडणी, विचार आणि संमती असा असतो. त्यातला मधला टप्पा खरा. तिथे एकेक खंड घेतला जातो, सुधारणा सुचवता येतात, अनुकूल असतील त्यांनी ‘होय’ आणि प्रतिकूल असतील त्यांनी ‘नाही’ म्हणायचे, वाटल्यास पोल मागायचा. २८ डिसेंबर २०२२ रोजी विधानसभेत ही छाननी झाली नाही. शिक्षक पात्रता परीक्षेतील गैरव्यवहाराच्या मुद्द्यावर विरोधकांनी सभात्याग केला होता आणि लोकायुक्त विधेयक चर्चेविना संमत झाले. विधानपरिषदेची संमती मिळायला १५ डिसेंबर २०२३ उजाडला आणि पुढे पुन्हा दिल्लीची, राष्ट्रपतींच्या मंजुरीची वाट आली.

विरोधकांचा मुद्दा गंभीर असेल. सभात्याग हेही संसदीय आयुधच आहे. तरीही त्या दिवशी बाकावर बसून राहणे हे जास्त मोठे काम होते, असे मला ठामपणे वाटते. कारण त्या विधेयकात एक अट होती: मुख्यमंत्र्याविरुद्ध चौकशी सुरू करण्याआधी विधानसभेची मंजुरी हवी आणि तीही एकूण सदस्यांच्या किमान दोन तृतीयांश मतांनी. २८८ च्या सभागृहात म्हणजे १९२ आमदार. मुख्यमंत्री तिथे बसतो तो मुळात बहुमताच्या बळावर. त्याच्याविरुद्ध १९२ हात कधी आणि कसे वर येतील? मंजुरी मागायची म्हणजे चौकशीआधीच पुरावा सभागृहापुढे उघडा करायचा का? अधिवेशन चालू नसेल तर तक्रार किती महिने पडून राहणार? राळेगणच्या ग्रामसभेतला माणूसही विचारील असे हे प्रश्न आहेत. ज्या तालुक्याने या कायद्यासाठी सात दिवसांचे उपोषण पाहिले, त्याला त्यांची उत्तरे विधानसभेच्या त्या दिवसाच्या छापील कामकाजात सापडणार नाहीत, कारण ते विचारायला समोरच्या बाकांवर कोणी नव्हते आणि सत्तेच्या बाकांवरून कोणी उठले नाही.