सरकीचे तेल, सोयाची पेंड आणि जनुकांची तपासणी

जनुकीय बदल केलेले, म्हणजे जीएम, असे एकच पीक भारतात व्यापारी तत्त्वावर घेतले जाते आणि ते खाण्याचे पीक नाही, असे सरकारी उत्तर असते. ते पीक म्हणजे बीटी कापूस. उत्तर खरे आहे, पण अर्धवट आहे. क्विंटलभर कापसातून रुई निघते ती ३३-३५ किलो. बाकीची बहुतेक सरकी. सरकी गाळली की तेल निघते आणि मागे राहिलेली ढेप गाईम्हशींच्या गव्हाणीत जाते. मीरा रोडच्या पूनम सागरसारख्या वस्तीत, जिथे चारही बाजूंना फरसाणाची दुकाने आहेत, तिथे सरकीचे तेल अनोळखी नाही. त्याला स्वतःची चव फारशी नसते, तळलेला पदार्थ बरेच दिवस खवट होत नाही, म्हणून शेव-गाठिया तळणाऱ्यांना ते सोयीचे पडते. वनस्पती तुपात आणि मिश्र तेलांतही ते वापरले जाते. शेजारच्या फळीवरचे सोयाबीन तेल बरेचसे अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून येते. तिथले सोयाबीन जवळजवळ सगळे जनुकीय बदल केलेले असते, आणि अशा सोयाबीनपासून काढलेल्या तेलाच्या आयातीला भारताने २००७ मध्ये परवानगी दिली. जीएम अन्न भारतात येऊ द्यावे की नाही, हा वाद चालू असताना ते कढईत येऊन पडलेले आहे.

जनुकीय बदल म्हणजे एका सजीवाचे जनुक प्रयोगशाळेत वेगळे काढून दुसऱ्याच्या पेशीत बसवणे. बीटी कापसात बॅसिलस थुरिंजेन्सिस या मातीतल्या जिवाणूचे क्राय१एसी नावाचे जनुक आहे. त्याच्यामुळे झाड स्वतःच एक प्रथिन तयार करते. बोंडअळीच्या आतड्यातला रस अल्कधर्मी असतो. तिथे हे प्रथिन विरघळते, आतड्याच्या पेशींवरच्या ठरावीक जागी चिकटते आणि आतड्याला भोके पडतात. माणसाच्या जठरात आम्ल असते आणि आतड्यात त्या चिकटण्याच्या जागा नसतात, म्हणून ते माणसाला बाधत नाही, असा शास्त्रज्ञांचा युक्तिवाद आहे. हाच जिवाणू फवारणीच्या रूपात सेंद्रिय शेतीतही वापरला जातो.

देशातला पहिला बीटी कापूस जालन्याच्या महिकोचा. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीच्या तीन संकरित वाणांना २६ मार्च २००२ रोजी परवानगी मिळाली. त्याच्या आदल्याच वर्षी गुजरातमध्ये परवानगी नसलेला बीटी कापूस शेतांत उभा असल्याचे उघडकीस आले होते. कायद्याच्या आधी बियाणे शेतात पोहोचते, हा प्रकार तेव्हापासून चालत आला आहे. आज देशातल्या कापसाच्या ९० टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर बीटी आहे.

एखाद्या धान्यात, पिठात किंवा बियाण्यात परके जनुक आहे की नाही, हे शोधण्याच्या मुख्य पद्धती दोन. पहिली प्रथिन शोधते. पानाचा तुकडा किंवा बी छोट्या प्लास्टिकच्या नळीत द्रावणासह चुरडायचे आणि त्यात कागदी पट्टी बुडवायची. पाच-दहा मिनिटांत पट्टीवर एक रेघ उमटली तर पट्टी चालू आहे, पण प्रथिन नाही. दोन उमटल्या तर आहे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने बीटी कापसासाठी असे तपासणी संच तयार केले आणि बियाण्यातली फसवणूक पकडायला ते उपयोगी पडले. बीटी म्हणून विकलेल्या पाकिटात बीटी नसणे, हीही फसवणूकच. पट्टी स्वस्त आणि शेताच्या बांधावर चालणारी, पण तिची मर्यादा मोठी आहे. उष्णतेने प्रथिनाची घडी मोडते, त्यामुळे शिजवलेल्या, भाजलेल्या किंवा तळलेल्या पदार्थावर तिचा भरवसा धरता येत नाही.

दुसरी पद्धत पीसीआर. करोनाच्या साथीत हे नाव घरोघरी पोहोचले, तंत्र मात्र १९८० च्या दशकातले. नमुना दळून त्यातला डीएनए वेगळा काढतात. मग जो तुकडा शोधायचा त्याच्या दोन्ही टोकांना जुळणारे छोटे डीएनए टाकून यंत्रात तापवणे आणि थंड करणे अशी आवर्तने चालवतात. प्रत्येक आवर्तनात त्या तुकड्याच्या प्रती दुप्पट होतात. तीस आवर्तनांनंतर एका प्रतीच्या शंभर कोटींहून अधिक झालेल्या असतात. तुकडाच नसेल तर वाढायला काही नसते आणि पडद्यावरची रेषा सपाट राहते.

पण शोधायचा कोणता तुकडा? जगात जीएम वाणे कितीतरी आहेत, प्रत्येकासाठी वेगळी चाचणी करत बसणे परवडत नाही. म्हणून आधी चाळणी लावतात. परके जनुक झाडात चालू व्हावे म्हणून त्याच्या पुढे एक कळ बसवावी लागते आणि शेवटी एक थांबा. बऱ्याच वाणांत ही कळ फ्लॉवरवर पडणाऱ्या एका विषाणूची असते, तिला ३५एस म्हणतात. थांबा ॲग्रोबॅक्टेरियम या जिवाणूचा असतो, तो नॉस. हे दोन तुकडे सापडले की संशय घ्यायचा आणि मग नेमके वाण ओळखणारी चाचणी करायची. घाई केली तर चूक होते, कारण फ्लॉवर, कोबी, मोहरी या कुळातल्या पिकांना तो विषाणू नैसर्गिकरीत्याही लागतो. तेव्हा ३५एस सापडूनही पीक साधेच असू शकते. शेवटी प्रमाण मोजायचे. सोयाबीनचे स्वतःचे एक नेहमीचे जनुक मोजतात, परके जनुक मोजतात आणि त्यांचे गुणोत्तर काढतात.

यंत्रापेक्षा नमुना घेण्यात जास्त गफलत होते. हजारात एक दाणा जीएम आहे की नाही हे खात्रीने सांगायचे तर काही हजार दाणे तपासावे लागतात. सोयाबीनचे दहा हजार दाणे म्हणजे किलो-दीड किलो. ट्रकच्या वरच्याच दोन पोत्यांतून मूठभर दाणे काढले तर पुढचे सगळे आकडे कितीही अचूक असले तरी फुकट. अहवालावर मात्र दशांश चिन्हासह छापलेला आकडा असतो आणि वाचणारा त्यावर विश्वास ठेवतो.

तेलात हे सगळे तंत्र लंगडे पडते. शुद्धीकरणात तेलातला चिकट भाग काढतात, विरंजक मातीतून ते गाळतात आणि २०० अंशांहून अधिक तापमानाला वाफ सोडून वास घालवतात. डीएनएचे त्यात तुकडे तुकडे होतात आणि प्रथिन जवळपास संपते. चाचणीत काही आढळले नाही, याचा अर्थ तेल जीएम सरकीचे नाही असा होत नाही. तरीही माग पूर्ण पुसला जात नाही. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने २०१८ मध्ये ६५ खाद्यपदार्थ तपासले, त्यांतल्या २१ मध्ये जीएम अंश सापडला. बहुतेक पदार्थ आयात केलेले होते. देशी नमुन्यांत जे सापडले ते सरकीचे तेल. त्या पदार्थांपैकी बहुतेकांच्या वेष्टनावर तसा उल्लेख नव्हता.

उल्लेखाचा नियम नव्हता असे नाही. १ जानेवारी २०१३ पासून जीएम अन्नाच्या पाकिटावर, दर्शनी बाजूला वरच्या भागात 'जीएम' ही अक्षरे छापणे वजनमापे कायद्याखालच्या नियमांनी बंधनकारक केले आहे. किराणा दुकानात ही अक्षरे शोधून पाहावीत. हाती फारसे काही लागत नाही. किती प्रमाणापर्यंतची भेसळ चालेल, हा प्रश्न त्या नियमाने सोडवलाच नाही. युरोपीय संघात ०.९ टक्क्याच्या वर लेबल लागते, जपानमध्ये ५ टक्क्यांपर्यंतची नकळत मिसळ चालते. भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये मका, तांदूळ, सोयाबीन, पपई, बटाटा अशा २४ पिकांच्या आयातीसोबत जीएम नसल्याचा दाखला मागायला सुरुवात केली आणि नकळत आलेल्या अंशाची मर्यादा १ टक्का ठेवली. त्याच वर्षी लेबलाच्या नियमांचा मसुदाही काढला.

आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. कोंबडीखाद्याचे दर भडकले होते, पोल्ट्रीवाले रडकुंडीला आले होते. माल उतरवण्यासाठी नेमलेल्या ठिकाणांत रायगड जिल्ह्यातले न्हावा शेवा बंदर होते. पेंड तेल काढलेली आणि चुरडलेली आहे, तीत उगवणारा सजीव नाही, हा सरकारचा आधार. लातूरकडच्या सोयाबीन उत्पादकांचा आक्षेप वेगळाच होता: हंगाम तोंडावर असताना बाहेरचा माल आणून भाव पाडला. आरोग्याची भाषा दोन्ही बाजूंनी वापरली, हिशेब बाजाराचा होता. महाराष्ट्रातल्या जीएम वादाचे हे एक ठळक लक्षण म्हणावे लागेल.

सुरक्षिततेचा वाद देशभर पेटला तो वांग्यावरून. शेंडे आणि फळे पोखरणाऱ्या अळीविरुद्ध महिकोने बीटी वांगे तयार केले. १४ ऑक्टोबर २००९ रोजी केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी समितीने ते मंजूर केले. पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्यावर स्थगिती आणली. ती आजही उठलेली नाही. विरोधकांचे मुख्य मुद्दे दोन होते: चाचण्या कंपनीनेच केल्या होत्या, आणि वांग्याच्या शेकडो देशी जाती ज्या देशात आहेत तिथे परागकणांतून जनुक पसरेल. बांगलादेशाने तेच तंत्र २०१३ मध्ये स्वीकारले आणि २०१४ पासून तिथले शेतकरी बीटी वांगी लावतात.

नव्या जीएम अन्नाची सुरक्षितता तपासताना मूळ पिकाशी त्याची तुलना करतात: पोषणद्रव्ये, नैसर्गिक विषे, नव्या प्रथिनाची ज्ञात ॲलर्जीकारकांशी सारखेपणाची तपासणी, पचनरसात ते किती लवकर मोडते हे पाहणे, आणि बहुधा उंदरांना ९० दिवस खाऊ घालणे. या चाचण्या निव्वळ देखाव्याच्या नाहीत. ब्राझील नटचे जनुक घातलेले सोयाबीन ॲलर्जी आणू शकते हे बाजारात येण्याआधीच लक्षात आले, १९९६ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला आणि ते वाण सोडून देण्यात आले. पण चाचणीनंतरची व्यवस्था ढिली पडू शकते, हे २००० मध्ये अमेरिकेत दिसले. फक्त जनावरांसाठी मंजूर झालेला स्टारलिंक मका माणसांच्या टॅको कवचांत सापडला, तोही सरकारी यंत्रणेला नव्हे, पर्यावरण संघटनांनी करून घेतलेल्या चाचणीत. लोकांनी ॲलर्जीच्या तक्रारी केल्या; तपासात मक्याशी त्यांचा संबंध सिद्ध झाला नाही, माल मात्र देशभरातून परत घ्यावा लागला.

विरोधक सर्वाधिक उल्लेख करतात तो फ्रान्सच्या सेरालिनी यांच्या २०१२ च्या अभ्यासाचा. जीएम मका खाल्लेल्या उंदरांच्या अंगावरच्या मोठमोठ्या गाठींची छायाचित्रे जगभर फिरली. उंदरांची ती जात म्हातारपणी आपोआपच गाठी धरते आणि प्रत्येक गटात एका लिंगाचे दहाच उंदीर होते. नियतकालिकाने तो लेख २०१३ मध्ये मागे घेतला, पुढच्या वर्षी तो दुसरीकडे छापून आला. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१६ मध्ये शेकडो अभ्यास चाळून निष्कर्ष काढला की बाजारातल्या जीएम अन्नाचा धोका साध्या अन्नापेक्षा जास्त असल्याचा ठोस पुरावा नाही. पुराव्याचे पारडे आज या बाजूला झुकलेले आहे, हे मान्य करायला हवे. त्याचा अर्थ पुढचे प्रत्येक वाण आपोआप निर्धोक ठरते असा नाही.

शिवाय बीटी आणि तणनाशक सहन करणारी पिके एका तागडीत घालून चालत नाही. पहिल्यात अळीसाठीची फवारणी कमी व्हावी अशी अपेक्षा असते, दुसऱ्यात ग्लायफोसेट मोकळेपणी फवारता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेटला बहुधा कर्करोगकारक गटात टाकले. अमेरिकी आणि युरोपीय नियामकांनी ते मानले नाही. विदर्भात ज्याला 'चोर बीटी' म्हणतात, तो एचटीबीटी कापूस बीटी तर आहेच, शिवाय याच दुसऱ्या प्रकारचाही. त्याला परवानगी नाही, तरी निंदणीच्या मजुरीला कंटाळलेले शेतकरी तो लावतात. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने तो उघडपणे, निमंत्रण देऊन पेरला. तेव्हाच्या कायद्यात त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होती. त्याची सरकी सध्या कुठल्या घाण्यात जाते, हे कोणी वेगळे मोजत नाही. बीटीची नेहमीची पट्टी लावली तर हा कापूस साधा बीटी म्हणूनच दिसतो. तणनाशक सहन करणाऱ्या प्रथिनासाठी वेगळी चाचणी करावी लागते.

मोहरीचे प्रकरण न्यायालयात आहे. दिल्ली विद्यापीठात दीपक पेंटल यांच्या गटाने तयार केलेल्या डीएमएच-११ ला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली, पण २३ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे तिच्याविषयी एकमत झाले नाही. सरकारने जीएम पिकांचे राष्ट्रीय धोरण आखावे, हे मात्र दोघांनी मिळून सांगितले.

दरम्यान तपासणीपुढे नवीन अडचण उभी आहे. जनुक संपादनात पिकाच्या स्वतःच्या जनुकात नेमकी दुरुस्ती करतात. अंतिम वाणात परके काही उरत नाही. मार्च २०२२ मध्ये भारताने अशा वाणांना जीएमच्या कडक नियमांतून वगळले आणि मे २०२५ मध्ये भाताची अशी दोन वाणे जाहीर झाली. त्यांत ३५एस नाही, नॉस नाही, पट्टीवर उमटायला प्रथिनही नाही. बदल नेमका कुठे केला हे आधी माहीत असेल तर त्या जागेचा डीएनए वाचून तो ओळखता येतो. नाहीतर निसर्गात आपोआप झालेल्या बदलापासून तो वेगळा काढता येत नाही. अशा तांदळाच्या पोत्यावर काय लिहायचे, हे प्रयोगशाळेला ठरवता येणार नाही. बियाण्यापासून गिरणीपर्यंतच्या नोंदी कोण ठेवणार आणि कोण तपासणार, यावर ते ठरेल.