घरी येत होतं, पेपरात आठवलं नाही

दहावी-बारावीच्या घरांत हे वाक्य दरवर्षी ऐकू येतं. आईवडिलांना ती सबब वाटते. पण बहुतेक वेळा मूल खरंच बोलत असतं. पुस्तक उघडं असताना ओळखीचा मजकूर डोळ्यांखालून जातो, पुढचं वाक्य काय आहे हे आधीच कळतं आणि मन कौल देतं की हा धडा झाला. पेपरात पुस्तक नसतं. तिथे कोऱ्या पानासमोर बसून सगळं स्वतः आठवायचं असतं आणि नेमका त्याचाच सराव झालेला नसतो. अभ्यासाबद्दलचे आपले बरेचसे गैरसमज याच एका जागी उगवतात. शिकताना किती सोपं वाटलं, यावरून किती शिकलो हे आपण ठरवतो, आणि तो अंदाज चुकतो.

पहिला आणि सगळ्यांत पक्का गैरसमज म्हणजे ‘पुन्हा पुन्हा वाचलं की लक्षात राहतं’. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी 2006 साली तो तपासून पाहिला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत उतारा न बघता, आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते: त्यांना 83 टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना 71 टक्के. आठवडाभराने मात्र वाचणाऱ्यांचं प्रमाण 40 टक्क्यांवर घसरलं आणि लिहिणाऱ्यांचं 61 टक्के राहिलं. आपल्याला हे किती लक्षात राहील, असं आधी विचारलं होतं, तेव्हा अधिक खात्री होती ती वाचणाऱ्यांनाच. मला या प्रयोगातली ही बाब सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ज्या मुलाला ‘माझा अभ्यास झाला’ असं मनापासून वाटतंय, त्याला तसं वाटणं हाच धोका असतो आणि त्यात त्याचा आळस किंवा खोटेपणा नसतो.

म्हणून पुस्तक मिटून आठवायला बसलं आणि निम्मंच आठवलं, तर मुलं खचतात, ‘सगळं वाया गेलं’ म्हणतात. तसं नसतं. आठवण्यासाठी मेंदूला जी ओढाताण करावी लागते, तिनेच स्मृती घट्ट होते. अडल्यावर पुस्तक उघडून बरोबर काय ते पाहिलं, की ते नुसतं वाचलेल्यापेक्षा जास्त टिकतं. रंगीत पेनांनी ओळी रंगवण्याबद्दल फार बोलायची गरज नाही. जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 साली अभ्यासाच्या दहा पद्धतींवरचं संशोधन एकत्र तपासलं, तेव्हा ओळी अधोरेखित करणं आणि पुनर्वाचन या दोन्ही कमी उपयोगाच्या ठरल्या. स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांमध्ये विभागणं या दोन पद्धती सगळ्यांत वर राहिल्या.

विभागण्याची गोष्ट तर खूप जुनी आहे. हर्मन एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने अर्थहीन अक्षरांच्या याद्या स्वतः पाठ केल्या, त्या किती वेगाने विसरल्या जातात हे मोजलं आणि 1885 साली ते प्रसिद्ध केलं. मोजायची त्याची रीत साधी होती: तीच यादी पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात? तासाभरातच निम्म्याहून अधिक फायदा संपला होता. एका दिवसानंतर साधारण एक तृतीयांश उरला. पुढे मात्र घसरण मंदावली आणि महिन्यानंतरही सुमारे एक पंचमांश शिल्लक होता. म्हणजे काल शिकवलेलं आज आठवत नाही यावरून मूल ‘ढ’ ठरत नाही. माणसाची स्मृती अशीच चालते. एबिंगहाउसला आणखी एक गोष्ट दिसली. एकाच दिवशी 68 वेळा घोकून जेवढा परिणाम झाला, तेवढाच तीन दिवसांत विभागलेल्या 38 आवर्तनांनी झाला. जवळपास निम्मी मेहनत वाचली. सोमवारी शिकवलेला धडा बुधवारी दहा मिनिटं आणि पुढच्या सोमवारी दहा मिनिटं आठवून पाहिला, तर त्याच धड्यासाठी परीक्षेच्या आदल्या रात्री जागावं लागत नाही.

ते जागरण तर दुहेरी नुकसानीचं. कॉर्नेल विद्यापीठात जेंकिन्स आणि डॅलनबाख यांनी 1924 साली दोन विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात, पाठ केल्यानंतर झोपेत गेलेल्या आठ तासांनी जेवढं आठवलं, त्याहून कितीतरी कमी जागेपणी गेलेल्या आठ तासांनी आठवलं. दिवसा शिकलेलं पक्कं करण्याचं काम झोपेत चालतं, हे त्यानंतरच्या संशोधनाने चांगलंच उचलून धरलं आहे. याला जोडून ‘पहाटेचं वाचलेलंच लक्षात राहतं’ ही आपल्या घरोघरची समजूतही तपासायला हवी. जो मुलगा रात्री नऊला झोपतो, त्याला पहाट मानवेल. पण किशोरवयात शरीराचं घड्याळच उशिराकडे सरकतं आणि लवकर अंथरुणाला पाठ टेकली तरी झोप येत नाही. या वयाला आठ ते दहा तासांची झोप लागते. बाराला झोपलेल्या मुलीला चारला उठवून अभ्यासाला बसवण्यात शिस्त आहे असं वाटतं. प्रत्यक्षात तिचा आदल्या दिवसाचा अभ्यास आपण कच्चा ठेवत असतो.

सोपं वाटलं म्हणजे शिकलो, हा चकवा गणितात वेगळ्या रूपात भेटतो. एका प्रकारची दहा उदाहरणं सलग सोडवली की हात बसतो, असं आपण मानतो. रोरर आणि टेलर यांनी 2007 साली घनाकृतींच्या घनफळांची उदाहरणं विद्यार्थ्यांकडून दोन पद्धतींनी सोडवून घेतली. एकेक प्रकार सलग सोडवणाऱ्यांची सरावातली उत्तरं 89 टक्के बरोबर आली, सरमिसळ सोडवणाऱ्यांची 60 टक्के. आठवड्यानंतरच्या चाचणीत सलगवाले 20 टक्क्यांवर आले आणि सरमिसळवाले 63 टक्क्यांवर. कारण साधं आहे. सलग सोडवताना कोणतं सूत्र वापरायचं हे आधीच ठाऊक असतं, आणि परीक्षेत ते ओळखणं हेच अर्धं काम असतं. बालभारतीच्या पुस्तकांत सरावसंचांनंतर प्रकरणाच्या शेवटी संकीर्ण प्रश्नसंग्रह असतो. वेळ कमी पडला की नेमका तोच सोडून दिला जातो. मी तर म्हणेन, शिक्षकांनी दोन-तीन प्रकरणांचे प्रश्नसंग्रह एकत्र करून द्यावेत. मुलं अधिक चुकतील, कुरकुरतील, आणि शिकतील.

आता एक गैरसमज, जो शाळांनीच पसरवला. ‘हा मुलगा पाहून शिकणारा, ती ऐकून शिकणारी, तिसरा करून शिकणारा.’ आवडी वेगळ्या असतात, हे खरं. पण आवडीप्रमाणे शिकवलं की जास्त शिकता येतं, हा दावा 2008 साली हॅरल्ड पॅशलर आणि तिघा सहकाऱ्यांनी तपासला, तेव्हा त्याला पुरेसा पुरावा मिळाला नाही. कसं शिकायचं हे बहुतेक वेळा विषय ठरवतो. नकाशा सगळ्यांनाच पाहावा लागतो, उच्चार सगळ्यांनाच ऐकावा लागतो.

या शिक्क्याचं आणखी घातक रूप म्हणजे बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धिमत्ता आणि करिअर सांगणारी डीएमआयटी ही ‘चाचणी’. शहरांत, तालुक्यांच्या गावीसुद्धा ती विकली जाते. अहवाल जाडजूड असतो. त्यात बहुविध बुद्धिमत्तेचे आलेख असतात आणि हॉवर्ड गार्डनर यांच्या 1983 च्या सिद्धांताचा हवाला असतो. गार्डनर यांच्या मांडणीत बोटांच्या ठशांना काही जागा नाही. बोटांवरच्या रेषा मूल गर्भात असतानाच तयार होतात आणि जन्मभर तशाच राहतात. मुलाने पुढे काय वाचलं, कोणी त्याला कसं शिकवलं, त्याने किती सराव केला, यांतलं काहीही त्या रेषांत उमटू शकत नाही. तरीही अहवाल ‘अगदी बरोबर’ वाटतो, कारण त्यातली विधानं कोणालाही लागू पडावीत अशी असतात. बर्ट्रम फोरर यांनी 1949 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वर्गातल्या सगळ्या विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्वाचं एकच वर्णन वाटलं, आणि ते आपलंच वर्णन म्हणून विद्यार्थ्यांनी त्याला सरासरी पाचपैकी चारच्या वर गुण दिले. ‘तुझ्या ठशांत गणित नाही’ हे आठवीतल्या मुलीने ऐकलं, की ती गणिताचं पुस्तक मिटते, आणि पुढच्या गुणपत्रिकेने अहवाल खरा ठरल्यासारखा दिसतो. मला याचा मनापासून राग येतो.

मूल खरोखरच अडत असेल, तर करण्यासारखं बरंच आहे. कोणत्या इयत्तेतल्या कोणत्या संकल्पनेपाशी ते अडलं, हे शिक्षकांसोबत बसून मागे मागे जात शोधता येतं. प्रयत्न करूनही वाचताना सतत अडखळणं, सोपे शब्द वारंवार चुकणं, वयाच्या मानाने लिहायला फार वेळ लागणं असं दिसत असेल, तर अध्ययन अक्षमतेची रीतसर तपासणी होते. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयातही ती होते. तिथल्या प्रमाणपत्रावर राज्य मंडळाच्या परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिकासारख्या सवलती मिळतात. त्यासाठी अर्ज शाळेमार्फत करायचा असतो, आणि तपासणीला वेळ लागतो, म्हणून दहावीच्या वर्षाची वाट पाहू नये.