घोडा पळतो, मग जॉकी ‘महान’ कसा ठरतो? लेस्टर पिगॉटच्या कारकिर्दीतून समजून घ्या

शर्यतीत पळतो घोडा. दमतो घोडा. फिनिशिंग पोस्ट आधी ओलांडतं तेही घोड्याचंच नाक. मग पाठीवर बसलेल्या माणसाला ‘आजवरचा सर्वांत महान’ वगैरे का म्हणायचं?

रेसिंग फारसं न बघणाऱ्यांना हा प्रश्न हमखास पडतो, आणि तो चुकीचा नाही. चांगल्या जॉकीला चांगले घोडे मिळतात, चांगले घोडे जिंकतात आणि जिंकल्यामुळे जॉकी आणखी चांगला वाटायला लागतो. मग त्याचं स्वतःचं कर्तृत्व वेगळं काढायचं कसं?

त्यासाठी लेस्टर पिगॉटची कारकीर्द उपयोगी पडते. हा ब्रिटिश जॉकी १९३५ साली जन्मला आणि २९ मे २०२२ रोजी वयाच्या ८६ व्या वर्षी गेला. नऊ डर्बी, ३० क्लासिक, ब्रिटनमध्ये ४,४९३ विजय आणि मध्येच एक वर्षाचा तुरुंगवास, असा त्याचा हिशेब आहे. फ्लॅट रेसिंगमधल्या महान जॉकींची यादी कुणीही केली, तरी त्याचं नाव टाळता येत नाही.

आधी फ्लॅट रेसिंग म्हणजे काय ते बघू

घोड्यांच्या शर्यतींचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. एकात घोडे अडथळ्यांवरून उड्या मारत पळतात. दुसऱ्यात अडथळे नसतात, सरळ वेगाचा मामला असतो. हे फ्लॅट रेसिंग. मुंबईत महालक्ष्मीला आणि पुण्यात रेसकोर्सवर होतात त्या शर्यती याच प्रकारातल्या.

यातली सर्वांत मानाची शर्यत म्हणजे डर्बी. मूळ डर्बी इंग्लंडमधल्या एप्सम इथे १७८० साली सुरू झाली आणि पुढे जगभर तिच्या नावाने शर्यती निघाल्या. आपली इंडियन डर्बी ही त्यातलीच. एप्समच्या डर्बीत फक्त तीन वर्षांचे घोडे पळतात, म्हणजे एका घोड्याला आयुष्यात ही संधी एकदाच मिळते. त्या दिवशी जॉकी चुकला, तर पुढच्या वर्षी बघू असं म्हणायची सोय नसते.

एप्समची डर्बी धरून इंग्लंडमध्ये अशा पाच शर्यती आहेत. त्यांना ‘क्लासिक’ म्हणतात.

जॉकी पाठीवर बसून नेमकं काय करतो?

खरं तर तो बसतच नाही. सुमारे ५०० किलोच्या, ताशी ६० किलोमीटरच्या आसपास वेगाने पळणाऱ्या घोड्यावर तो आखूड रिकिबींत पाय रोवून ओणवा उभा असतो. खोगिराला त्याचं शरीर जेमतेम टेकतं.

ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकी जॉकींनी, विशेषतः टॉड स्लोनने, ब्रिटनमध्ये रुजवली. त्याआधी जॉकी लांब रिकिबींत पाय टाकून ताठ बसत. २००९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात याचा परिणाम तपासला गेला. ओणवं राहण्याची पद्धत आल्यानंतर शर्यतींच्या वेळा पाच ते सात टक्क्यांनी सुधारल्याचं त्यात दिसलं. कारण सोपं आहे. घोडा प्रत्येक टापेला वर-खाली, पुढे-मागे हलतो. ताठ बसलेल्या माणसाचं वजनही त्याला प्रत्येक वेळी सोबत हलवावं लागतं. ओणवा जॉकी गुडघे आणि घोट्यांनी हे हेलकावे स्वतःच्या अंगावर घेतो. घोड्याला त्याचं वजन पेलावं लागतं, पण ते उचलून आपटावं लागत नाही.

म्हणजे पहिली गोष्ट, चांगला जॉकी घोड्याच्या वाटेत येत नाही. पण हे आजचे सगळेच व्यावसायिक जॉकी करतात. महान जॉकी वेगळा ठरतो तो पुढे.

निकष पहिला: आकडे, पण नुसते आकडे नाहीत

पिगॉटने पहिली शर्यत १९४८ साली जिंकली, तेव्हा तो १२ वर्षांचा होता. पुढे तो ११ वेळा ब्रिटनचा चॅम्पियन जॉकी झाला, म्हणजे त्या हंगामात सर्वाधिक शर्यती त्याने जिंकल्या.

पण आकड्यांवरच निकाल लावायचा तर तो पहिला येत नाही. गॉर्डन रिचर्ड्सने ब्रिटनमध्ये ४,८७० शर्यती जिंकल्या आणि तो तब्बल २६ वेळा चॅम्पियन झाला. अमेरिकेच्या रसेल बेझच्या नावावर तर १२,८४२ विजय आहेत. तरीही जगातल्या महान जॉकींची चर्चा निघते तेव्हा बेझचं नाव सर्वांत आधी येत नाही. त्याचे बहुतेक विजय उत्तर कॅलिफोर्नियातल्या स्थानिक शर्यतींतले आहेत.

रणजी सामन्यांत धावांचा डोंगर रचणारा फलंदाज आणि वर्ल्ड कप फायनलमध्ये शतक ठोकणारा फलंदाज, दोघांचं कौतुक होतं. पण ते एकाच मापाने होत नाही. इथेही तसंच आहे.

निकष दुसरा: मोठ्या दिवशी डोकं थंड

एप्समचा ट्रॅक सपाट नाही. सुमारे २,४०० मीटरच्या या शर्यतीत सुरुवातीलाच चढ लागतो. मग उतारावर डावीकडे वळणारा टॅटनहॅम कॉर्नर येतो आणि शेवटच्या सरळ टप्प्यात जमीन एका बाजूला कललेली असते. चढावर घाई केली तर घोडा शेवटी संपतो. उतारावर तोल गेला तर शर्यत तिथेच हातची जाते. आणि कललेल्या जमिनीवर दमलेला घोडा आपोआप आतल्या कुंपणाकडे घसरायला लागतो.

या ट्रॅकवर पिगॉट नऊ वेळा डर्बी जिंकला. पहिली १९५४ साली, वयाच्या १८ व्या वर्षी, ‘नेव्हर से डाय’ या घोड्यावर. शेवटची १९८३ साली ‘टीनोसो’वर. २६ वेळा चॅम्पियन झालेल्या रिचर्ड्सला मात्र डर्बी एकदाच मिळाली, तीही १९५३ साली, कारकिर्दीच्या अगदी अखेरीस.

पिगॉटच्या थंड डोक्याचा नमुना म्हणून १९६८ ची डर्बी आजही सांगितली जाते. त्याचा घोडा ‘सर आयव्हर’ वेगवान होता, पण एवढ्या लांब अंतरावर तो टिकेल का, याची शंका होती. पिगॉटने त्याला मागे राखून ठेवलं. सरळ टप्प्यात ‘कनॉट’ पुढे निसटला, तरी पिगॉट घाईवर आला नाही. शेवटच्या २०० मीटरच्या आसपास त्याने घोड्याला मोकळं सोडलं आणि सर आयव्हरने अशी मुसंडी मारली की बघताबघता तो पुढे निघून गेला. घोड्याकडे एकदाच वापरता येईल एवढी ताकद होती. ती कधी वापरायची हे जॉकीने ठरवलं. ‘घोडा पळतो, जॉकी काय करतो?’ याचं उत्तर या शर्यतीत आहे.

निकष तिसरा: घोड्याची पारख

१९५० आणि ६० च्या दशकांत मोठे जॉकी एखाद्या ट्रेनरच्या तबेल्याशी करार करत आणि त्याचेच घोडे पळवत. पिगॉट नोएल मर्लेस या बड्या ट्रेनरचा जॉकी होता. १९६६ साली ओक्स या क्लासिक शर्यतीसाठी त्याने मर्लेसची घोडी नाकारली आणि आयरिश ट्रेनर व्हिन्सेंट ओब्रायनची ‘व्हॅलोरिस’ निवडली. व्हॅलोरिस जिंकली, पण मर्लेसबरोबरचं नातं तुटलं.

त्यानंतर तो मुक्त जॉकी म्हणून काम करू लागला, म्हणजे ज्या दिवशी जो घोडा उत्तम वाटेल त्याच्यासाठी प्रयत्न करायचा. तेव्हा हा मोठा जुगार होता. पण याच काळात त्याला ओब्रायनचा ‘निजिन्स्की’ मिळाला. १९७० साली या घोड्याने टू थाउजंड गिनीज, डर्बी आणि सेंट लेजर या तिन्ही शर्यती जिंकल्या. ही ‘ट्रिपल क्राउन’ त्यानंतर इंग्लंडमध्ये एकाही घोड्याला जमलेली नाही.

चांगले घोडे मिळाले म्हणून तो जिंकला, हे खरंच आहे. पण ते घोडे त्याने ओळखले होते, हेही तितकंच खरं.

निकष चौथा: शरीराशी रोजची लढाई

शर्यतीत प्रत्येक घोड्याने किती वजन वाहायचं हे ठरलेलं असतं. जॉकीचं खोगिरासकट वजन शर्यतीआधी आणि नंतरही होतं. कमी भरलं तर शिशाचे तुकडे ठेवून भरून काढता येतं, जास्त भरलं तर इलाज नसतो.

पिगॉट सुमारे ५ फूट ८ इंच उंच होता, जॉकीसाठी ही उंची फारच. हाडापेराने तो साठ किलोंच्या वर गेला असता. शर्यतींसाठी तो ५३ किलोंच्या आसपास राहिला, तेही काही महिने नव्हे तर काही दशकं. काळी कॉफी, सिगार आणि नावापुरतं जेवण, अशी त्याची ख्याती होती.

यात कौतुकापेक्षा काळजीचा भाग जास्त आहे. एकोणिसाव्या शतकातला फ्रेड आर्चर हाही असाच उंच जॉकी होता. तो १३ वेळा चॅम्पियन झाला. वजनासाठी उपाशी राहून खंगलेला आर्चर १८८६ साली तापाने आजारी पडला आणि त्या आजारपणातच वयाच्या २९ व्या वर्षी त्याने आयुष्य संपवलं. जॉकींच्या आहाराकडे आणि मानसिक आरोग्याकडे गांभीर्याने बघायला या खेळाने त्यानंतरही फार वेळ घेतला.

आणि नाण्याची दुसरी बाजू?

पिगॉट सगळ्यांचा लाडका होता असं नाही. त्याला जन्मापासून कमी ऐकू यायचं आणि तो बोलायचाही मोजकंच. पण चांगल्या घोड्यासाठी दुसऱ्या जॉकीची जागा घ्यायला तो मागेपुढे बघत नसे. १९७२ च्या डर्बीत ‘रॉबर्टो’वर बिल विल्यमसन बसणार होता. काही दिवस आधी तो पडला, सावरलाही. तरी मालकाने पिगॉटला बसवलं. रॉबर्टो ‘राइनगोल्ड’पेक्षा अगदी निसटत्या फरकाने जिंकला, पण प्रेक्षकांनी विजेत्याचं स्वागत थंडपणेच केलं. त्यांची सहानुभूती विल्यमसनकडे होती.

१९७७ साली ‘द मिन्स्ट्रेल’वरची डर्बी त्याने चाबकाच्या जोरावर खेचून आणली, अशीही टीका झाली. आज तसं चालणार नाही. ब्रिटनमध्ये २०२३ पासून फ्लॅट शर्यतीत चाबूक सहा वेळांपर्यंतच वापरता येतो. ती मर्यादा चार किंवा त्याहून जास्त फटक्यांनी ओलांडली, तर जिंकलेला घोडाही बाद होतो.

सर्वांत मोठा डाग मैदानाबाहेरचा होता. १९८५ साली निवृत्त होऊन तो ट्रेनर झाला. १९८७ साली कर चुकवल्याबद्दल त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. त्यातलं एक वर्ष आणि एक दिवस तो प्रत्यक्ष तुरुंगात राहिला. राणीने दिलेला ओबीई हा सन्मानही काढून घेण्यात आला.

५४ व्या वर्षी पुन्हा खोगिरावर

ऑक्टोबर १९९० मध्ये पिगॉट जॉकी म्हणून परतला. अनेकांना ही हौस वाटली. बाराच दिवसांनी, २७ ऑक्टोबरला, न्यूयॉर्कच्या बेलमाँट पार्कवर ब्रीडर्स कप माइल ही जगातल्या बड्या घोड्यांची शर्यत होती. ओब्रायनने त्याला ‘रॉयल अकॅडमी’वर बसवलं. हा निजिन्स्कीचाच मुलगा.

शर्यतीत घोडा क्षणभर अडखळला आणि मागे पडला. पिगॉटने त्याला सावरलं, पुन्हा लय सापडू दिली आणि शेवटच्या काही टापांत पुढे काढलं. विजय मानेच्या अंतराने. १९९२ साली, वयाच्या ५६ व्या वर्षी, त्याने तिसावी क्लासिकही जिंकली. एवढ्या ब्रिटिश क्लासिक आजवर दुसऱ्या कुणी जिंकलेल्या नाहीत.

मग महान कोण?

जो कधीच चुकत नाही तो, असं उत्तर देता येत नाही. १९५७ च्या केंटकी डर्बीत अमेरिकेच्या बिल शूमेकरने अंतिम रेषेचा अंदाज चुकून आधीच जोर सोडला आणि शर्यत घालवली. तरी पुढे १९८६ साली, ५४ व्या वर्षी, तीच शर्यत जिंकून तो महान ठरलाच. पिगॉटवरही १९७० च्या आर्क द ट्रायंफ शर्यतीत निजिन्स्कीला फार मागे ठेवल्याचा ठपका आला.

थोडक्यात सांगायचं तर:

• विजयांची संख्या लागते, पण ते कुठल्या शर्यतींत आले हे जास्त महत्त्वाचं.
• घोड्यात किती ताकद आहे आणि ती कधी खर्च करायची, हा निर्णय जॉकीचा असतो.
• चांगला घोडा इतरांच्या आधी ओळखणं हेही कौशल्यच.
• हे सगळं वर्षानुवर्षं, वेगवेगळ्या घोड्यांवर आणि वेगवेगळ्या ट्रॅकवर जमलं तर योगायोग म्हणता येत नाही.

चांगला माणूस असणं ही अट या यादीत नाही. पिगॉटचे विजय त्याच्या शिक्षेमुळे खोटे ठरत नाहीत आणि शिक्षा विजयांमुळे पुसली जात नाही.

पुढच्या वेळी महालक्ष्मीच्या इंडियन डर्बीची क्लिप समोर आली, तर शेवटच्या ४०० मीटरला घोड्यांऐवजी जॉकींच्या हातांकडे बघा. सगळे हात जोरजोरात हलत असताना एखाद्याचे हात शांत दिसले, तर स्क्रोल करू नका. त्याच्या घोड्यात अजून ताकद शिल्लक आहे, आणि ती कधी सोडायची याचीच तो वाट बघतोय.