पणजोबांची युद्धातली वही : पेटीतून काढा, पण जपून

पलसाणा : इथल्या चोकडीवर उभं राहिलं की एक हायवे मुंबईकडे जातो, एक अहमदाबादकडे आणि एक बारडोली, व्यारा, नवापूर करत थेट धुळ्याला. या तिसऱ्या रस्त्याने, नाहीतर ताप्ती लाईनच्या गाडीने, खानदेशातली माणसं कित्येक वर्षं इकडे येत आली आहेत. कुणी लूमवर, कुणी डाइंग-प्रिंटिंगच्या मिलमध्ये, कुणी स्वतःचं दुकान टाकून. येताना भांडीकुंडी आली, घरचे देव आले आणि काहींच्या सोबत आजोबा-पणजोबांची पत्र्याची पेटीही आली.

फौजेतल्या माणसाच्या पेटीत काय असतं? डिस्चार्जचं पुस्तक, एखादं पदक, पेन्शनचे कागद, पत्रं. आणि नशीब असेल तर एक लहानशी वही. तिच्यात तारखा, गावांची विचित्र नावं, कुणाला किती पैसे दिले त्याचा हिशेब, मेलेल्या सोबत्यांची नावं. घरात ती कुणी वाचलेली नसते. अशी वही म्हणजे नेमकं काय, तिचं मोल काय आणि ती सापडली तर काय करायचं, ते समजून घेऊ.

पलटणीची डायरी वेगळी, शिपायाची वेगळी

'वॉर डायरी' हा शब्द वाचला की पुष्कळांचा गोंधळ होतो. लष्करात प्रत्येक तुकडीची एक अधिकृत डायरी असते. आज कुठे मुक्काम, किती माणसं हजर, किती जखमी, कुठला हुकूम आला, हे एखादा अधिकारी त्यात रोज लिहितो. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश आणि हिंदी पलटणींच्या अशा डायऱ्या लंडनला क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आजही आहेत. स्वतंत्र भारतातही हीच पद्धत चालू राहिली. संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये जे धोरण जाहीर केलं, त्यानुसार असे कागद साधारण २५ वर्षांनी खुले करून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे द्यायचे आहेत.

म्हणजे पलटणीची डायरी सरकार सांभाळतं. शिपायाची स्वतःची वही मात्र सरकारकडे नसते. उलट ब्रिटिश फौजेत आघाडीवर खासगी डायरी ठेवायला मनाईच होती. शत्रूच्या हाती लागली तर माहिती फुटेल, ही भीती. तरी माणसं लिहायची. ते लिहिलेलं उरलं तर फक्त घरातच उरलं.

फरक कळायला एक उदाहरण पुरे. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत-अल-अमारा या गावाला तुर्की फौजेचा वेढा पडला. आत अडकलेल्या सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. जवळजवळ पाच महिने उपासमार झाली आणि २९ एप्रिल १९१६ला शरणागती. धान्य संपत आलं तेव्हा घोड्याचं मांस वाटायला घेतलं. पुष्कळ हिंदी शिपायांनी धर्मामुळे ते खायला नकार दिला, शेवटी शेवटी काहींनी खाल्लं. रेशन किती ग्रॅमवर आलं हे अधिकृत कागदात सापडतं. पण कोल्हापूर-साताऱ्याकडच्या एखाद्या पोराने तो घास तोंडात घालताना काय विचार केला, घरी कळलं तर आई काय म्हणेल असं त्याला वाटलं का, ते त्या कागदात नाही. ते असलंच तर त्याच्या वहीत.

मराठीत लिहिलेलं गेलं कुठे?

त्या काळच्या बहुतेक शिपायांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पत्र लिहायचं तर पलटणीतल्या लिहिणाऱ्याला सांगायचं आणि त्याने ते उतरवायचं. फ्रान्समधल्या हिंदी शिपायांची पत्रं सेन्सॉरकडे जात. तिथे निवडक उतारे इंग्रजीत भाषांतर करून अहवालात लावले जात. ते अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि त्यावरून इतिहासाची पुस्तकंही निघाली. पण हाताशी आहे ते इंग्रजी भाषांतर, तेही सेन्सॉरने निवडलेलं. मूळ पत्रं बहुतेक गेली.

शिकलेल्यांनी लिहिलं. फौजेत डॉक्टर असलेल्या कॅप्टन गो. गं. लिमयांचं 'सैन्यातील आठवणी' हे पुस्तक मराठीत आहे. साध्या शिपायाचं असं पुस्तक मिळणं मुश्कील. साताऱ्याजवळचं अपशिंगे (मिलिटरी) हे गाव सगळ्यांना ठाऊक आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान गेले, त्यांचं स्मारक तिथे आहे. स्मारकावर आकडा राहतो, माणूस काय बोलायचा ते राहत नाही. इराकमधल्या बसरा स्मारकावर तर हिंदी शिपायांची नावंही कोरली नाहीत, पलटणीनुसार नुसती संख्या दिली. ही वागणूक भेदभावाची होती, हे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने २०२१च्या अहवालात स्वतः मान्य केलं.

म्हणून एखाद्या घरात मराठीत लिहिलेली चार पानं जरी निघाली, तरी ती लहान गोष्ट नाही.

घरच्यांनी जपलं म्हणून उरलं

याच कुतच्या वेढ्यात शिशिर प्रसाद सर्वाधिकारी हे बंगाली तरुण होते. बेंगॉल ॲम्ब्युलन्स कोअरमध्ये स्वयंसेवक. शरणागतीनंतर त्यांनी डायरीची पानं फाडून बुटात लपवली आणि कैदेत पुढे ती पुन्हा उतरवून काढली. चाळीस वर्षांनी, १९५०च्या दशकाच्या अखेरीस, 'अभि ले बगदाद' हे पुस्तक निघालं, ते सून रोमोला सर्वाधिकारी यांच्या मदतीने. आज मेसोपोटेमियाच्या लढाईवर काम करणारा कुणीही या पुस्तकाशिवाय पुढे जात नाही.

कुतमध्येच कैद झालेले डॉक्टर कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जी १९१७ मध्ये कैदेतच वारले. त्यांची पत्रं जपली आणि १९२८ मध्ये पुस्तक केलं ते त्यांच्या आजीने, मोक्षदा देवींनी. वय ऐंशीच्या घरात! जयपूरजवळच्या कानोत्याचे अमरसिंह १८९८ पासून १९४२ पर्यंत डायरी लिहीत होते. फ्रान्स आणि मेसोपोटेमिया दोन्ही त्यांनी पाहिलं. त्यांच्या ८९ वह्या घराण्याने सांभाळल्या म्हणून पुढे अभ्यासकांच्या हाती आल्या.

आपल्या याच पट्ट्यातलं उदाहरण सैनिकाचं नाही, पण शिकवण तीच. सुरत जिल्ह्यातल्या सरसचे महादेवभाई देसाई, गांधीजींचे सचिव, १९१७ पासून डायरी लिहीत राहिले. १५ ऑगस्ट १९४२ला पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना ते गेले. त्या डायऱ्या छापून निघत राहिल्या. त्यामागे आधी सोबती नरहरी परीख आणि पुढे मुलगा नारायणभाई देसाई यांचे कष्ट आहेत. नारायणभाईंचं वेडछी इथून लांब नाही, बारडोलीच्या पुढे.

या सगळ्या गोष्टींत एक सारखेपणा आहे. लिहिणारा एक आणि वाचवणारा दुसरा. आजी, सून, मुलगा, पुतण्या.

आपल्याकडे अडचण कुठे येते?

पहिली अडचण जागेची. भाड्याची खोली दर दोन-तीन वर्षांनी बदलते. प्रत्येक वेळी सामान कमी होतं आणि पहिला नंबर जुन्या कागदांचा लागतो. त्यात इकडचा पावसाळा. ऑगस्ट २००६च्या तापीच्या पुरात सुरतचा मोठा भाग पाण्याखाली गेला, तेव्हा किती घरांतले कागद चिखल झाले ते ज्यांनी पाहिलं त्यांना विचारा.

दुसरी अडचण जास्त खोल आहे, ती अक्षराची. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, शाळेत गुजराती. सुरत महापालिकेच्या मराठी शाळा आहेत, पण पलसाणा, कडोदरा, चलथाण या भागातली पुष्कळ पोरं गुजराती माध्यमात जातात. त्यात वाईट काही नाही, पोट जिथे आहे तिथली भाषा यायलाच हवी. पण पणजोबांचं घाईतलं देवनागरी त्यांना अडतं. वही मोडीत असेल तर विषयच संपला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळेत शिकवली जात होती, त्यामुळे जुन्या माणसांचा हात मोडीवरच बसलेला असायचा. ती पानं बघून "कसलं तरी उर्दू दिसतंय" म्हणत वही रद्दीत जाते.

म्हणून घाई करायची ती इथे. वही अजून पन्नास वर्षं टिकेलही. ती वाचू शकणारी आजी किंवा काका तेवढे टिकणार नाहीत.

वही सापडली तर काय कराल?

● आधी आहे तशी ठेवा. पानं जोराने उघडू नका. लॅमिनेशन अजिबात नको, सेलोटेपही नको, दोन्हींनी कागद कायमचा खराब होतो. गंजलेल्या टाचण्या हळूच काढा.

● ओल असेल तर कडक उन्हात टाकू नका, शाई उडते. पंख्याच्या हवेत, सावलीत, पानांमध्ये कोरा पांढरा कागद घालून वाळवा. वर्तमानपत्र नको, त्याची शाई लागते.

● प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आत दमट होतं. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा. आपल्या जुन्या दप्तरांत कागदांचे 'रुमाल' बांधत, ते उगाच नाही. वाळवी आणि कसर लागत नाही ना, ते पावसाळ्याआधी आणि नंतर बघा.

● मोबाईलने फोटो काढा. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद, फोन बरोबर वर धरून. मुखपृष्ठापासून शेवटपर्यंत क्रमाने, कोरी पानंसुद्धा. फोटो दोन ठिकाणी ठेवा, एक प्रत गावाकडच्या नातेवाइकाकडे.

● घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाला वही वाचायला सांगा आणि आवाज रेकॉर्ड करा. अडेल तिथे ते आठवणी सांगतील, त्याही राहू द्या.

● उतरवताना शुद्धलेखन सुधारू नका. अहिराणी शब्द, चुकीचं स्पेलिंग, शिव्या, हिशेब, सगळं तसंच. १८५७ची धामधूम पाहिलेल्या गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' १९०७ मध्ये छापला तेव्हा त्यात बदल केले गेले. सुदैवाने मूळ हस्तलिखित पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात राहिलं, म्हणून १९६६ मध्ये मूळ मजकूर लोकांपुढे आला. मूळ राहिलं नसतं तर?

● पदक असेल तर त्याची कड बघा. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. पलटण कळली की तिच्या अधिकृत डायरीशी वहीतल्या तारखा जुळवता येतात. पदक घासून चकचकीत करू नका, अक्षरं झिजतात.

न्यायची कुठे?

वही द्यायलाच पाहिजे असं नाही. दाखवली तरी चालते. पलसाण्याहून सरळ रस्ता आहे धुळ्याला, आणि तिथे १९२७ मध्ये स्थापन झालेलं राजवाडे संशोधन मंडळ आहे. ज्या वि. का. राजवाड्यांच्या नावाने ते उभं आहे, त्यांनी आयुष्यभर घरोघर फिरून जुनी दप्तरं गोळा केली. मोडीसाठी तिथे किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात विचारा. मराठा पलटणीतल्या माणसाची माहिती हवी तर बेळगावचं मराठा लाइट इन्फंट्री सेंटर आहे. देताना मूळ देताय की प्रत, परत मिळणार की नाही, हे लेखी घ्या.

एक सावधगिरी. वही १९६२, १९६५, १९७१ किंवा त्यानंतरची असेल आणि त्यात चौक्या, नकाशे, हुकूम असं काही असेल, तर पानांचे फोटो ग्रुपवर टाकू नका. आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारून घ्या. मेलेल्या सोबत्यांबद्दल काही लिहिलं असेल तर त्यांच्याही घरचे लोक हयात असतील, हे ध्यानात ठेवा.

येत्या दिवाळीत गावी जाल तेव्हा माळ्यावरची पेटी एकदा खाली काढा. सोबत पोरांनाही बसवा. वाचून दाखवायला आजी आहे तोवर.